काउंटरमागची पेटी

मिलिंद, काल सकाळपर्यंत तुझी अवजारांची पेटी माझ्या काउंटरच्या मागे, खालच्या फळीवर होती. आता नाही. ती कुठे गेली हे तुला सांगायला हवं, कारण ती तू माझ्यावर सोपवली होतीस आणि तिचं काय करायचं नाही हेही बजावून ठेवलं होतंस. मी नेमकं तेच केलं आहे. पण एकदम त्यावर येत नाही. तू असतास तर मला आधी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलू दिल्या असत्यास आणि मग म्हणाला असतास, "आता मुद्द्यावर ये ना बाई." तेवढी सवलत आजही घेते.

तुला जाऊन महिना होत आला. तुझं नागपूर, तुझा डिप्लोमा, इथली परीक्षा पास होऊन तू परवाना कसा मिळवलास, हे सगळं अंत्यविधीच्या दिवशी हॉलमध्ये सांगून झालं. आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत होती आणि मागच्या रांगेत तुझे कामावरचे लोक नारिंगी जॅकेटं घालून सरळ साइटवरून आले होते. त्रिशरण-पंचशील चालू असताना तेही हात जोडून उभे राहिले. नंतर इतकी वर्षं तुझ्याबरोबर एका व्हॅनमधून फिरलेला ग्रॅहम बोलायला उठला. वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवायची तुझी ती लाल मुठीची पक्कड त्याने कधीतरी मागून नेली होती. म्हणाला, "ही लेंट मी हिज क्रिंपर वन्स." थोडा थांबला आणि पुन्हा म्हणाला, "वन्स." सगळा हॉल हसला. तुझी सुजाताही हसली, आणि मग तोंडावर पदर धरून बसून राहिली.

आपली पहिली भेट तू सगळ्यांना चुकीची सांगायचास. मी तुला पहिल्याच दिवशी भलताच माल दिला, असं तुझं म्हणणं. माल बरोबर होता. तू साइड कटर मागितलास, मी साइड कटर दिला. हेन्डरसन उपनगरातल्या या इलेक्ट्रिकल दुकानात मी तेव्हा नुकती लागले होते. डोंबिवलीची बी.कॉम. झालेली बाई, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागून इथे परदेशात आलेली. कटर आणि पक्कड या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेच मला आदल्या आठवड्यात कळलं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. मी "आई, नंतर करते गं" म्हणून ठेवायला लागले, तर काउंटरच्या पलीकडून मराठीत आवाज आला, "आईशी आधी बोलून घ्या. मला घाई नाही." मी बोलून घेतलं. फोन ठेवून बघते तर तू तो नवा कोरा कटर मिटून ट्यूबलाइटसमोर धरला होतास.

"हा परत ठेवा," तू म्हणालास. "हा कापत नाही, चावतो. पाहा, पात्यांच्या मधून उजेड येऊन राहिला."

मला वाटलं, आपलं माणूस भेटलं, तेही नेमकं चक्रम. मग तू व्हॅनमधून तुझा जुना कटर आणलास. मुठीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, पण पाती मिटली की उजेडाची रेघसुद्धा नाही. तुझ्या पाठीमागे रांग लागली होती आणि तू मला वायरीचा एकच बारीक तार टोकाने कापून दाखवत होतास. तू गेल्यावर मी दुकानातले सगळे कटर काढून एकेक करून दिव्यासमोर धरले. मॅनेजर लांबून बघत होता.

पहिली काही वर्षं आपलं 'अहो-जाहो' चाललं. ते कधी सुटलं हे मला पक्कं आठवतं. तू एक जर्मन स्क्रूड्रायव्हर परत करायला आलास, कारण काय तर घामेजल्या हातात मूठ फिरते. वापरलेला माल परत घेत नाही, मी म्हटलं. भांडण वाढत गेलं आणि भांडताना 'तुम्ही' काही जमेना. दोघांनीही 'तू' केलं आणि ते तसंच राहिलं. स्क्रूड्रायव्हर मी परत घेतला नाही. त्याला तू पेचकस म्हणायचास आणि मी स्क्रूड्रायव्हर, यावरही आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

तुझ्यामुळे मला अवजारं दिसायला लागली, हे तुला मी कधी म्हटलं नाही. तुला म्हटलं असतं तर तू ते महिनाभर मिरवलं असतंस. स्क्रूच्या खाचेत टोक नीट बसतं की नाही, ते डोळ्यांनी नाही, हाताने कळतं. इन्सुलेशनच्या लाल थराखाली पिवळा दिसायला लागला की ते अवजार संपलं, मग ते कितीही लाडकं असो. तू तसा पेचकस नुसता टाकून द्यायचा नाहीस. शिकंज्यात धरून त्याचे करवतीने दोन तुकडे करायचास आणि मग टाकायचास. मी विचारलं होतं, कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूवर एवढी मेहनत कशाला. तू म्हणालास, "कोणी कचऱ्यातून उचलला तर? त्याला का माहीत, हा मेला आहे म्हणून?" कुणीतरी अनोळखी माणूस, कुठल्यातरी कचराकुंडीपाशी, त्याचा हात भाजू नये म्हणून तू तुझ्या गॅरेजमध्ये करवत चालवत होतास. आज नवीन पोरं काउंटरवर येतात आणि सगळ्यांत स्वस्त सेट मागतात. मी त्यांना सांगते, एकच घे पण धड घे. वाक्य तुझं आहे, दुकानात ते माझ्या नावावर खपतं.

एवढं कौतुक पुरे. तुझा हावरटपणाही सांगायला हवा. तू प्रत्येक चांगलं अवजार जोडीने घ्यायचास. एक पेटीत, एक गॅरेजच्या कपाटात, वेष्टणासकट. जपानी कटर आले, दोन दे. स्विस पेचकसांचा संच आला, दोन दे. दुसरा कशाला, विचारलं की म्हणायचास, "कंपनीने बनवणं बंद केलं तर?" सुजाता वैतागून एकदा मला म्हणाली होती, "आमच्या घरात वाटीला वाटी जुळत नाही गं, आणि ह्यांच्या पकडी सगळ्या जोडीने." तिला वाटायचं, विकणारी मी, म्हणजे दोष माझा. माझं म्हणणं असं की अवजार वापरत नसशील तर ते अवजार नाही, शोकेसमधली बाहुली आहे. तुझं म्हणणं असं की चांगली वस्तू घरात आहे एवढ्यानेच माणसाला बरी झोप लागते. हा वाद आपण इतका चघळला की शेवटी शेवटी एकमेकांची वाक्यं आपणच म्हणायला लागलो होतो.

एका खंडेनवमीला मी काउंटरवर छोटा पाट मांडला. त्यावर एक पक्कड, एक टेस्टर, हळद-कुंकू आणि कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून आणलेली फुलं. मॅनेजरला सांगितलं, आज आमच्याकडे अवजारांची पूजा असते. तो "स्वीट ॲज", म्हणजे छानच, म्हणून कॉफी करायला गेला. तू आलास, पाटाकडे पाहिलंस आणि विचारलंस, "या पकडीने आजवर काही पकडलं का?"

"नवीन आहे. आज सकाळीच काढली."

"मग हिची पूजा कशाची? आधी कामाला लागू दे."

मी तुला आमच्या घरातलं सांगायला लागले. बाबा खंडेनवमीला घरातली हातोडी, पक्कड आणि विळी पाटावर मांडायचे, झेंडूची फुलं वाहायचे. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. तू म्हणालास, "आणि बाकीचे दिवस?" मी हसून म्हटलं, बाकीचे दिवस पक्कड कपाटातच असायची, फ्यूज उडाला की वायरमनला बोलवायचे. तू पण हसलास. मग सहज विचारावं तसं विचारलंस, "त्या वायरमनला चहा कोणत्या कपात देत होते?"

कोणीतरी केबलचा भाव विचारायला आलं आणि मी तिकडे वळले. दुसऱ्या दिवशी तुमचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. तू आम्हा नवरा-बायकोला आग्रहाने बोलावलंस, सुजाताने खीर वाढली, पुन्हा वाढली. तू तो प्रश्न परत काढला नाहीस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: वेगळ्या कपात. कान तुटलेला पांढरा कप, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा. तुला ते न सांगताच ठाऊक होतं, म्हणूनच तू विचारलं होतंस. तरी ते माझ्या तोंडून यायला हवं होतं, ते आज येतंय.

आता मुद्द्यावर येते. तुझी लेक, यशू.

यशोधरा शाळेत असल्यापासून तुझ्याबरोबर दुकानात यायची. केबलच्या रिकाम्या ड्रमवर बसून राहायची. आपण मराठीत भांडायचो, ती सगळं समजून इंग्रजीत निकाल द्यायची. बहुतेक वेळा माझ्या बाजूने. मग ती युनिव्हर्सिटीत गेली, मग वेलिंग्टनला सरकारी गृहनिर्माण खात्यात लागली. त्या दिवशी तू आलास तो काही घ्यायला नाही. रांगेत उभा राहिलास, तुझी पाळी आली तेव्हा म्हणालास, "यशूला ऑफर आली," आणि गेलास. मागच्या माणसालाही सांगितलंस. त्याने "गुड ऑन हर, मेट" म्हटलं, तर तू त्याचा हात हातात घेऊन हलवलास.

आणि गेल्या वर्षी ती परत आली. वेलिंग्टन सोडून, इथे जवळच न्यू लिनच्या एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिस म्हणून. मला तिने आधी सांगितलं होतं. "मावशी, आय राइट अबाउट वॉर्म, ड्राय होम्स ऑल डे. आय हॅवन्ट फिक्स्ड वन लाइट." मला ते पटलं. तुला पटलं नाही. तू आरडाओरडा केला नाहीस, ते तुझ्या स्वभावात नव्हतं. तू फक्त बोलणं कमी केलंस. जेवलीस का, गाडीत पेट्रोल आहे का, एवढंच. सुजाता म्हणायची, ओरडले असते तर बरं झालं असतं, पोरीला काही उत्तर तरी देता आलं असतं.

त्यावरून आपण भांडलो ते खरं भांडण. आधीची सगळी लुटुपुटूची होती. मी म्हटलं, "ज्या कामावर तू एवढा जीव टाकतोस ते मुलीने केलं तर तुला लाज वाटते?"

तू काउंटरवर दोन्ही हात टेकवलेस. "लाज नाही वाटत, वैशाली. माझा बाप लाईनवर हेल्पर होता. उन्हाळ्यात पोलवर चढत होता, नागपूरच्या उन्हाळ्यात. त्याने पोलवर चढून मला डिप्लोमा दिला. मी लोकांच्या छताच्या पोकळीत घुसून तिला डिग्री दिली. आता ती परत छतात घुसून राहिली. मग आम्ही बापलेकांनी केलं काय?"

"तुझ्या बाबांना दुसरा रस्ता नव्हता. तिला आहे, आणि तिने हा निवडलाय. फरक नाही का?"

"निवडणं तुमच्याकडे असते," तू म्हणालास. "तुझ्या बाबांनी पक्कड कपाटात ठेवली, पूजा केली, कोणी काही म्हटलं नाही. माझ्या घरात पक्कड हातातून खाली ठेवायलाच दोन पिढ्या लागल्या. पोरगी म्हणते, मला आवडते. आवडते. बरं आहे."

तुझं हे म्हणणं मला त्या दिवशी खोडता आलं नाही आणि आजही येत नाही. मी काहीतरी बोलले, इथे इलेक्ट्रिशियनला, स्पार्कीला, किती मान आहे, त्यांची घरं बघ, गाड्या बघ. तुझा मुद्दा मानाचा नव्हता हे मला बोलता बोलताच कळत होतं. आपण दोघं एकाच पकडीबद्दल बोलत होतो आणि ती दोघांच्या घरात निरनिराळी होती.

मग जायला निघालास आणि दारातून परत आलास. म्हणालास, "उद्या मला काही झालं तर माझी पेटी तू घे. विकायची नाही. आणि यशूला द्यायची नाही. तिने बाहेरून काय घ्यायचं ते घ्यावं, माझ्या हातचं नाही." मी म्हणणार होते, काहीतरी अभद्र बोलू नकोस. तेवढ्यात फोन वाजला. मी रिसीव्हर कानाला लावला आणि तू हात हलवून गेलास. त्यानंतर तू अनेकदा आलास, टेप नेली, लग नेले, ट्यूबलाइटसमोर कटर धरून मला चिडवलंस. तो विषय ना तू काढलास, ना मी. मी हो म्हटलं नव्हतं, मिलिंद. पण नाहीही म्हटलं नव्हतं, आणि तू ते हो धरून चालला असशील.

त्या रविवारी सकाळी तू चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलास. दर रविवारी जायचास, फडकं आणि तेलाची बाटली घेऊन, आठवड्याची अवजारं पुसायला. सुजाताने पोह्यांसाठी हाक मारली आणि मग दुसऱ्यांदा मारली. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. आम्ही सगळे एकमेकांना तेच सांगत असतो.

तुझी पेटी मी तुझ्या शब्दाप्रमाणे दुकानात आणून ठेवली. नंतर मी आणि सुजाता मिळून तुझं कपाट उघडलं. वेष्टणातल्या नव्या पकडी, पेचकस, स्ट्रिपर, एकावर एक नीट रचलेले. सुजाता माझ्याकडे बघून म्हणाली, "वैशाली, हे यशूसाठी तर नसेल ठेवलं? म्हणजे तोंडाने नाही म्हणायचे, पण मनातून..." तिचा चेहरा बघून मला हो म्हणावंसं वाटलं. किती सोपं झालं असतं. यशूला तेच सांगायचं, बाबांनी तुझ्यासाठी जमवलं होतं गं, आणि सगळ्यांनी मिळून रडून मोकळं व्हायचं. पण ते खरं नाही. यशू केबलच्या ड्रमवर बसायची तेव्हापासून तू सगळं जोडीने घेत होतास, तेव्हा तर ती डॉक्टर होणार होती. तू ते स्वतःसाठी घेत होतास, कारण तुला हाव होती आणि चांगलं अवजार पाहिलं की तुझे डोळे चमकायचे. मेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालू नये. मी सुजाताला म्हटलं, "नाही गं. त्याला दोन घ्यायला आवडायचं, बस." तिने मान हलवली. तिलाही ते माहीत होतं.

आणि मग ती म्हणाली, "यशू काम सोडतेय."

सुजाता म्हणाली, "म्हणते, बाबांना नको होतं, तर नको. वेलिंग्टनच्या जुन्या ऑफिसला विचारलंय तिने, परत घ्याल का. मी म्हटलं, अगं, बाबांनी तुला थोडंच बांधून ठेवलंय? तर म्हणते, ही वॉज स्टिल अँग्री, आई. ही डाइड अँग्री विथ मी."

तू आयुष्यभर कुणाचा हात भाजू नये म्हणून जपलास आणि स्वतःच्या मुलीसमोर उघडी वायर सोडून गेलास. मुद्दाम नव्हे, हे मला समजतं. तुला वाटलं असेल, वेळ आहे. सहा महिने जाऊ देत, हिवाळा जाऊ दे, मग कधीतरी जेवताना विचारू, आज काय काम केलंस. तू तिला विचारणार होतास, मी पैजेवर सांगते. पण हे माझं वाटणं झालं, तिच्या हातात देता येईल असं त्यात काही नाही. तुझं पक्कं असं बोललेलं तिच्याजवळ एवढंच आहे: नको.

काल सकाळी यशू दुकानात आली. गर्दी ओसरली होती. हातात कपाटातल्या नव्या अवजारांचा खोका होता. "मावशी, कॅन यू सेल दीज फॉर आई? शी वोन्ट यूज देम." डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस कसेतरी बांधलेले. मी खोका बाजूला ठेवला आणि खाली वाकून तुझी पेटी काउंटरवर ठेवली.

ती मागे सरकली. "नो. नो, मावशी. ही सेड नो."

"मला माहीत आहे. मलाही तेच म्हणाला होता. याच जागी उभा राहून."

मी असं सरळ सांगेन असं तिला वाटलं नव्हतं. ती मराठीवर आली, तिच्या त्या मोडक्या मराठीवर. "मग तू कशी देते? बाबा खूप चिडतील."

"चिडेलच. चांगलाच चिडेल. तुझा बाप गेला म्हणून त्याचं मत बदललं असं मी तुला सांगणार नाही. त्याचं मत होतं, त्याला कारण होतं, आणि ते कारण लहान नव्हतं. आजोबांचं सगळं तुला माहीत आहे?"

"आय नो. पोल. ही टोल्ड मी हीप्स ऑफ टाइम्स."

"मग ऐक. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तुला हे काम करायचंय तेही खरं आहे. मला या दोन्हींची वजाबाकी करता येत नाही. मला एवढंच येतं की ही पेटी त्याने मला दिली. तुला नाही, आईला नाही, मला. माझी आहे. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवते."

"बट इफ आय टेक इट..."

"तू कुठे घेतेयस? तू मागितलीस का? रांगेत उभी राहिलीस का? नाही. मी देतेय. नको असेल तर तुमच्या दारात ठेवून जाईन, तुझ्या आईला अडखळायला होईल."

ती हसली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "आय कान्ट वर्क विथ हिम बीइंग अँग्री ॲट मी, मावशी. एव्हरी डे. फॉरएव्हर." आणि रडायला लागली, काउंटरवर डोकं ठेवून, लहान मुलं रडतात तशी. केबल घ्यायला आलेला एक माणूस दारातूनच मागे फिरला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला उगी उगी म्हणता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "तुझ्यावर नाही. आजपासून तुझ्यावर नाही. त्याने ज्याला सांगितलं त्याने ऐकलं नाही, तर चिडायचं त्याच्यावर. हा नियम आहे."

"हूज रूल?"

"माझा. आत्ता केला."

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. पेटी उघडली नाही, आत काय आहे ते तिला पाठ आहे. उचलली आणि विचारलं, "मंडेपासून जाऊ कामाला?" मला विचारलं, मिलिंद. मी परवानगी देणारी कोण. पण तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "जा." बाहेर उभा असलेला तो माणूस तिच्यासाठी दार धरून उभा राहिला आणि ती गेली.

मी हा वाद जिंकले असं समजू नकोस. समोर कोणी नसताना एकटीने निकाल द्यायचा, त्याला जिंकणं म्हणत नाहीत. कदाचित तुझंच बरोबर असेल. कदाचित पुढे कधी यशूच म्हणेल की मावशी, तू मला अडवायला हवं होतंस. तेव्हा मी ऐकून घेईन. पण आज तिला जाऊ द्यायला हवं होतं, आणि तुझा तो राग तिच्या अंगावरून काढून कुठेतरी ठेवायला हवा होता. मला दुसरी जागा सुचली नाही.

तेव्हा आता असं कर. तुझी पेटी कुणी घेतली नाही, मी दिली. तू नको म्हटलं होतंस, तरी दिली. जे काय चिडायचं ते माझ्यावर चीड. मी तुझ्याशी भांडून भांडून तयार झालेली आहे. तिला तुझ्याशी भांडायची सवय नव्हती रे, ती तर फक्त तू बोलायची वाट बघत होती.